थांब्यावर कुणी नको

६ जानेवारी

संपादकबाईंनी शेवटी होकार दिला. रविवारच्या पुरवणीत चार आठवडे, दर आठवड्याला अख्खं पान. विषय माझाच: बायपास झाल्यापासून जुन्या हमरस्त्यावरची गावं कशी ओस पडत चालली आहेत. "तुमचं गावही त्याच रस्त्यावर ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि एकदम डोळ्यांपुढे आमचा थांबा आला. पाणी प्यायचं निमित्त करून वेळ मारून नेली.

रोज थोडं लिहून ठेवा, फोटोखाली ओळी द्यायला उपयोगी पडेल, असंही त्या म्हणाल्या. म्हणून ही वही. काम मिळालं याचा आनंद आहे हे आधी लिहून टाकतो. आता लग्नांना मला कुणी बोलवत नाही, ज्याच्या खिशात फोन तो फोटोग्राफर. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं काढता काढता माझं तेवढं राहून गेलं, असं मी गमतीनं सांगतो. लोक हसतात. मग मी घरी येतो आणि दिवे लावतो.

ताईला फोन केला. "स्वेटर आण," हे तिचं पहिलं वाक्य. मी गावाचे फोटो काढायला येतोय म्हटल्यावर म्हणाली, "आमच्या गावात काय आहे रे काढण्यासारखं?" पण आवाजावरून कळत होतं की फोन ठेवल्या ठेवल्या ती हे चार जणांना सांगणार.

११ जानेवारी

पहिलं गाव झालं. पेट्रोल पंपाच्या छपरातून झाड वर आलंय. थिएटरच्या तिकीटखिडकीच्या जाळीत कोळ्यांनी संसार थाटलेत. मी लहान असताना ट्रकवाल्यांच्या रांगा लागायच्या इथे. तासभर रस्त्याच्या मधोमध ट्रायपॉड लावून उभा होतो, एकाही गाडीनं हॉर्न दिला नाही. त्या शांततेनं मला अक्षरशः भरून आलं.

एक म्हातारा सारखा फ्रेममध्ये यायचा, जायचा, परत यायचा. शेवटी त्याला हात जोडले. माझा नियम साधा आहे: फोटोत माणूस नको. माणूस दिसला की बघणारा त्याच्या तोंडाकडे बघत बसतो, गाव राहतं बाजूला.

१४ जानेवारी

दुसरं गाव. इथलं लॉज बंद होऊन जमाना झाला, पाटीवरची अर्धी अक्षरं गळालीत. पण वरच्या गॅलरीत कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं, लहान मुलांचे कपडे, लाल-पिवळे. सगळ्या उदासीचा विचका. हाक मारली तर एक तरुण बाई बाहेर आली. म्हटलं, पाच मिनिटं काढता का? तिनं ओल्याचे ओले गोळा केले आणि आत नेले. चहाला या म्हणाली. उजेड जाईल म्हणून गेलो नाही.

फोटो उत्तम आलाय.

१७ जानेवारी

आलो गावात. वेशीवर गाडी थांबवून थोडा वेळ बसलो. दोन्ही बाजूंना शटरं खाली. टायरवाला, मिठाईवाला, सायकलवाला, सगळे गेले. आपल्या माणसाला दवाखान्यात बघायला जावं आणि खाटेवर ओळखूच येऊ नये, तसं झालं मला. डोळे पुसले आणि ताईकडे गेलो.

ताईचं हॉटेल तेवढं उघडं. थांब्याच्या बरोबर समोर, तीन बाकं, एक काउंटर, मागे चूल. दाजी गेल्यावर ती एकटी चालवते. आई गेली तेव्हा मी पहिलीत होतो आणि ताई नववीत. तिनं शाळा सोडली आणि मला शिकवलं. हे ती कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मी इथे लिहितो.

मला बघून काउंटरमागून धावत आली. "छोट्या, किती वाळलास रे! शहरात जेवण मिळत नाही का?" माझं पोट शर्टाबाहेर डोकावत होतं. ताईच्या डोळ्यांना मी जन्मभर वाळलेलाच दिसणार.

सकाळी एक बस, संध्याकाळी एक. बस थांब्यावर लागली की ड्रायव्हर-कंडक्टर आणि उतारू ताईकडे चहा घेतात, कुणी अंडी-पाव खातो, मग ती पुढे निघते. सगळा धंदा त्या दोन वेळांवर. एरवी बाकावर गावातली तीच ती चार डोकी. हे किती दिवस चालणार? बघवत नाही.

१८ जानेवारी

आज एक गंमत कळली. गंमत म्हणायची की काय म्हणायचं?

सकाळच्या बसला शिंपीणकाकू चढल्या. हातात उसवलेल्या परकरांचं बोचकं. संध्याकाळच्या बसनं परत आल्या, सगळ्यांना टिपा घालून. म्हटलं, तालुक्याला काय काम होतं? ताई म्हणाली, "काम कसलं? तिची पाळी होती."

गावात बसवर बसायची पाळी लावलीय! बस रिकामी गेली तर कंपनी ती बायपासवरून नेईल, म्हणून रोज तीन-चार जण तिकीट काढून उगाच जाऊन येतात. शिंपीणकाकू बसमध्ये बसून शिवण करतात, बिनकामाचे पेन्शनर मास्तर पेपर वाचतात, न्हावी झोप काढतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, इथला न्हावी बसच्या खिडकीला डोकं लावतो. मी हसलो. ताई हसली नाही.

"या आठवड्यात मोजणी आहे," ती म्हणाली. "कंपनीचा माणूस कधीही बसमध्ये असतो म्हणे. कोण कुठे चढतं, सगळं टिपून घेतो. एवढा आठवडा निभावला की वर्षभर बस आपली."

"आणि वर्षानंतर?"

"वर्षानंतर परत चढू."

मी म्हटलं, ताई, हे म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालणं झालं. तू माझ्याकडे चल. दोन खोल्या आहेत, एक नुसती धूळ खात पडलीय. मी सकाळी उठतो तर घरात भांडं वाजत नाही.

"आणि माझं हॉटेल?"

"किती दिवसांचं हॉटेल आता?"

ती ओल्या फडक्यानं काउंटर पुसत राहिली. मला वाटतं, तिलाही मनातून पटलंय. फक्त कबूल करायचं नाही. हट्टी आहेच ती पहिल्यापासून.

२० जानेवारी

गावाचे फोटो घेतोय, पण जमत नाहीयेत. जो कोपरा धरावा तिथे कुणीतरी टपकतंच. पाण्याच्या टाकीखाली पोरी खेळतात. बंद सायकलच्या दुकानाच्या ओट्यावर दोघं जण पट मांडून बसलेले, उठायचं नाव नाही. शिंपीणकाकूंच्या दुकानाचा दरवाजा मला बंद हवा होता, जुनं लाकूड, रंग उडालेला, फार सुंदर. त्या आत मशीन चालवत होत्या. म्हटलं, काकू, घटकाभर दार लावून घेता? "आणि गिऱ्हाईक आलं तर?" म्हणाल्या. मी सोबत आलेल्या ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "लाव गं, छोट्याचं काम आहे." लावलं. आतून मशीनचा आवाज येतच होता, पण फोटोत आवाज कुठे येतो?

एक मात्र खरं, मला या गावाबद्दल जितकं वाटतं तितकं इथल्या लोकांना वाटत नाही. मी दोनदा रडलो. ते पट खेळतायत.

२१ जानेवारी

आज मिळाला. ज्याच्यासाठी आलो होतो तो फोटो आज मिळाला.

सकाळी धुकं होतं. थांबा, त्याचं कललेलं छप्पर, रस्ता, आणि धुक्यातून येणारी बस. मी हॉटेलच्या पायरीवर ट्रायपॉड लावला. थांब्यावर पाळीवाले चार जण उभे होते, शिंपीणकाकू बोचकं घेऊन. त्यांच्यामुळे सगळं साधं दिसायचं, जणू रोजचीच सकाळ. मी ताईला म्हटलं, थांब्यावर कुणी नको. बस येऊन उभी राहीपर्यंत यांना मागे घे. ती म्हणाली, आज नको रे, मोजणी आहे. मी म्हटलं, बस कुठे पळून जातेय? ड्रायव्हर चहाला उतरतोच ना? तो चहा पीत असताना चढू देत सगळे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी लहानपणी काही मागायचो तेव्हा बघायची तशी. मग टाळ्या वाजवत गेली. "चला गं, चला हो, आत चला. माझ्या भावाचं काम आहे, पाच मिनिटं." सगळ्यांना स्वैपाकघरात नेलं आणि चहा ठेवला.

बस आली. दार उघडलं. धुकं, उघडं दार, आत रिकाम्या सीटा. असा उजेड आयुष्यात एकदा मिळतो. मी घेत गेलो. कंडक्टर दारात उभा राहून हॉटेलकडे बघत होता आणि डोळे मोठे करत होता. त्याला काय झालं होतं कोण जाणे. मी हातानं त्याला बाजूला हो म्हणून खुणावलं. ड्रायव्हर आज खाली उतरला नाही. पुढच्या सीटवर चष्मेवाला एक माणूस मांडीवर पॅड घेऊन बसला होता, तो जरा मागे रेलला असता तर ती खिडकीही रिकामी मिळाली असती. मग कंडक्टरनं घंटी मारली आणि बस गेली.

घंटी ऐकून ताई आणि मागोमाग बाकीचे बाहेर आले. "गेली?" ताई म्हणाली. "चहा न पिता?"

शिंपीणकाकूंनी बोचकं खाली ठेवलं, परत उचललं. मी म्हटलं, सॉरी हं, माझ्यामुळे तुमची फेरी हुकली. ताई म्हणाली, "असू दे. उद्या जाऊ." आणि आत गेली. दिवसभर गप्प होती, पण ती थंडीत अशी होतेच, गुडघे धरतात तिचे.

२३ जानेवारी

परत आलो. निघताना ताईनं डबा दिला, स्वेटरची गुंडी शिवून दिली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "फोटो चांगला आला ना? मग झालं." गाडी वळेपर्यंत पायरीवर उभी होती. मला त्या पायरीवर ती एकटी बघवेना. तिला इथून न्यायलाच हवं.

९ फेब्रुवारी

आज आमच्या गावाचं पान आलं. बसचा फोटो वर, पानाच्या अर्ध्या भागात. ओळ माझी: "बस येते, दार उघडते, आणि कुणालाच न घेता निघून जाते." संपादकबाईंनी एक अक्षर बदललं नाही. सकाळपासून फोन येतायत. ज्यांच्या लग्नांचे अल्बम मी केले ते आता आजोबा झालेले लोक फोन करून सांगतायत की डोळ्यांत पाणी आलं.

ताईनंही फोन केला. पेपर तिथे संध्याकाळच्या बसनं पोहोचतो. "काय मोठा छापलाय रे! मी काउंटरमागे चिकटवलाय. पाव विकत घ्यायला येणारालासुद्धा दाखवते." मग म्हणाली, "छोट्या, ती ओळ तू लिहिलीस?"

मी म्हटलं, हो, मीच.

"छान आहे," म्हणाली.

४ मार्च

प्रदर्शन सुरू झालं. मोठं दालन, बसचा फोटो भिंतभर. एका पाहुण्यानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्ही एका मरणाचे साक्षीदार आहात." उतारवयात हे नशीब उघडलं. ताईला बोलवलं होतं, आली नाही. हॉटेल कुणावर टाकून यायचं, म्हणाली. तीन बाकांचं हॉटेल, पण ऐट एखाद्या कारखान्याची!

१९ मार्च

ताईचा फोन. बस बंद होणार. पुढच्या महिन्यापासून बायपासनं जाणार.

गावातले सात-आठ जण कंपनीच्या ऑफिसात गेले होते, ताईही. म्हणे, आम्ही रोज चढतो, हवं तर कंडक्टरला विचारा. साहेबानं टेबलावर पेपर ठेवला. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणाला. "तुमच्याच गावच्या माणसानं काढलाय. तो कशाला खोटं दाखवेल?"

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हणणार? खोटा आहे म्हणून सांगायचं होतं का? तुझा फोटो?"

मला वाईट वाटलं. साहेबानं माझा फोटो असा वापरायला नको होता, हे मी तिला सांगितलं. पण एका फोटोनं का कुठे बस बंद होते? ते होणारच होतं, आज ना उद्या. मी तिला म्हटलं, ताई, मनाला लावून घेऊ नकोस, आता इकडेच ये. तिनं "बघू" म्हटलं. नाही म्हणाली नाही! खोटं कशाला लिहू, फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. मागची खोली झाडली. अल्बमची खोकी माळ्यावर टाकली. खिडकीला पडदा लावायला हवा, तिला सकाळचं ऊन डोळ्यांवर आलेलं चालत नाही.

२ एप्रिल

परवा शेवटची बस गेली असणार. आज फोन केला, उचलला नाही. खाट आली. बसून बघितली, चांगली आहे. उंचीला बेताची, तिच्या गुडघ्यांना सोयीची.

११ एप्रिल

ताई फोन उचलत नाही. एकदा उचलला, म्हणाली गडबडीत आहे, मागाहून करते. मागे भांड्यांचा मोठा आवाज, कुणीतरी ओरडत होतं. बस नाही तर हॉटेलला गिऱ्हाईक नाही, मग गडबड कसली?

२७ एप्रिल

गावाला जाऊन आलो. कुठून सुरुवात करू कळत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

ताईच्या हॉटेलचं शटर खाली होतं, कुलूप होतं. थांब्याचं छप्पर कुणीतरी काढून नेलंय. टाकीखाली पोरी नव्हत्या. पट खेळणारे नव्हते. रस्त्यावर मी सोडून कुणी नव्हतं. माझ्या फोटोतलं गाव माझ्यापुढे होतं, आणि गळ्यात कॅमेरा असून त्याला हात लावायचं धाडस झालं नाही.

शिंपीणकाकूंचं दार बंद होतं. आत मशीनचा आवाज नव्हता. तरी वाजवलं. त्या होत्या. सामान बांधत होत्या, मुलीकडे जायचंय म्हणाल्या. मला आत या म्हणाल्या नाहीत.

"ताई कुठे आहे?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"नाही."

काकूंनी हातातली दोरी खाली ठेवली. "त्या सकाळी बसमध्ये मोजणीवाला होता. पॅड घेऊन पुढेच बसला होता. म्हणून ड्रायव्हर उतरला नाही. कंडक्टर बिचारा दारातून खुणा करून दमला. आम्ही चौघं आत चहा पीत होतो. आठवड्यात तेवढी एकच फेरी रिकामी गेली, आणि नेमकी तीच पेपरात."

मी म्हटलं, काकू, मला ठाऊक नव्हतं. चष्मेवाला दिसला होता मला, पण...

"तुला ठाऊक नव्हतं, तुझ्या बहिणीला होतं," त्या म्हणाल्या. "मोजणी आहे म्हणून आम्हीही म्हणालो. ती म्हणाली, माझ्या भावाचं काम आहे. तिच्या शब्दावर आम्ही आत गेलो. बस बंद होणार हे कळल्यावर न्हाव्यानं तिला तोंडावर विचारलं, तुझ्या भावाच्या फोटोसाठी गावाचं वाटोळं केलंस ना? तर ही काय म्हणते? तो तसं म्हणालाच नव्हता. मीच म्हणाले आत चला. त्याला रिकामा थांबा नकोच होता, मीच जास्तीची हौस केली."

मी दाराची चौकट धरून उभा होतो.

"मग कोण जाणार तिच्याकडे चहाला?" काकू म्हणाल्या. "मीही गेले नाही. दोन आठवडे तिनं रोज हॉटेल उघडलं, रोज चहा ठेवला आणि रोज ओतून दिला. बस होती तोवर बसवाले तरी प्यायचे. मग तेही संपलं. मी समोरच राहते. बघत होते सगळं. आणि गेले नाही." त्यांनी तोंड फिरवलं. "बायपासवर ते मोठं नवं हॉटेल झालंय ना, तिथे लागलीय कामाला. जा तिकडे. माझ्याकडे काय मागतोस?"

मी काही मागितलं नव्हतं. पण मागितलं असतं तर क्षमा मागितली असती, आणि त्यांनी ती दिली नसती, हे दोघांनाही कळत होतं.

संध्याकाळी कसाबसा घरी आलो. हे लिहिताना मागची सगळी पानं वाचली. "ड्रायव्हर आज खाली उतरला नाही." माझ्याच हातचं अक्षर. मी तिथेच उभा होतो, सगळं बघत होतो, उजेडसुद्धा बघत होतो.

गाव मेलेलं नव्हतं. ते रोज सकाळी तिकीट काढून जगत होतं आणि मी त्याला म्हटलं, जरा मागे हो. एवढं लिहून थांबतो. पुढचं लिहवत नाही.

३० एप्रिल

आज बायपासला गेलो.

काचेचं, भलंमोठं. आमच्या गावाची बस आता तिथे थांबते. काउंटरवर मुलं टोप्या घालून, बाकांऐवजी चकचकीत टेबलं. मी एका टेबलाशी बसलो. बऱ्याच वेळानं ताई आली. डोक्याला जाळी, अंगात कंपनीचा निळा अंगरखा, तिच्या मापाचा नाही, बाह्या दुमडलेल्या. हातात ट्रे. दुसऱ्या टेबलावरच्या उष्ट्या प्लेटा उचलत होती. मला बघून थबकली. मग आजूबाजूला बघितलं, कुणी रागावेल की काय तसं.

"काय खाणार?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ताई, बस.

"बसायची परवानगी नाही इथे."

मग ती उभी आणि मी बसलेला. मी उठून उभा राहिलो तर म्हणाली, "तू बस रे, गिऱ्हाईक आहेस." मी सगळं बोलून टाकलं. काकूंनी सांगितलं ते, चष्मेवाल्याचं, माझ्या ओळीचं. तू त्यांना खोटं का सांगितलंस, विचारलं. माझं नाव का नाही घेतलंस?

"तुला कधीतरी गावात यायचं असतं," ती म्हणाली. "मला काय, मी तिथलीच होते."

ट्रेमधल्या प्लेटा ती नीट रचत होती. मोठी खाली, लहान वर. मी म्हटलं, रागाव माझ्यावर, काहीतरी बोल.

"रागावले होते. नाही असं नाही. पेपर काउंटरमागे चिकटवला होता, रोज बघायचे. एक दिवस वाटलं, याला त्या सकाळी सगळं दिसलं. धुकं दिसलं, दार दिसलं. आम्ही चुलीपाशी ताटकळत उभे आहोत, ते तेवढं कसं दिसलं नाही?" तिनं माझ्याकडे बघितलं. आवाज चढलेला नव्हता. "मग म्हटलं, लहान आहे."

मी या वयात सगळ्यांसमोर रडलो. तिनं अंगरख्याच्या खिशातून टेबलं पुसायचं फडकं काढलं, परत ठेवलं, आणि कागदी रुमाल दिला.

"माझ्याकडे चल," मी म्हटलं. "खोली तयार आहे. खाट आणलीय. इथे उष्टी उचलायला तू... ताई, मी हात जोडतो. आत्ता चल."

"आत्ता नाही."

"मग कधी?"

"मनातून यावंसं वाटलं पाहिजे रे. अजून वाटत नाही. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत, तू विचारलंस म्हणून सांगते." तिचा चेहरा जरा निवळला, माझी समजूत घालायच्या वेळी निवळतो तसा. "वाटलं की काय, शटर ओढेन, सकाळची बस धरेन आणि सरळ तुझ्या दारात..."

बोलता बोलता थांबली. ती ट्रेकडे बघत राहिली आणि मी टेबलाकडे.

आतून कुणीतरी ओरडलं, "ए मावशी, सहा नंबर पुसायचंय!"

"आले," ती म्हणाली, आणि सहा नंबरकडे गेली.